फोन खिशात आहे, तरीही
(कुमारकथा-लेखनाच्या कार्यशाळेतल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, कुमारकथा लिहायला बसलं की पहिली अडचण येते आईवडिलांची. हसू नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या आसपास कायम कुणीतरी मोठं माणूस असतं, आणि मोठं माणूस असलं की ते प्रश्न सोडवून टाकतं. बाबा पोलिसांत जातात, आई शाळेत जाऊन बाईंना भेटते, मामा कुठूनतरी ओळख काढतो. प्रश्न सुटतो आणि गोष्ट तिथंच मरते. वाचणाऱ्याला बघायचं असतं ते आपल्याएवढं कुणीतरी काय ठरवतं, कसं निस्तरतं हे. मामाची ओळख किती वरपर्यंत आहे, यात त्याला काडीचा रस नसतो.

जुन्या लेखकांनी यावर नामी तोडगे काढले होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा. त्याला त्यांनी पुण्याला विद्याभवनात शिकायला आणलं आणि हाताशी सायकल दिली. घर लांब, सायकल जवळ. अर्धं कथानक तिथंच जमलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं आजोळ, शाळेची सहल, स्काउटचा कँप हे सगळं गोष्टींत इतकं का येतं? आई जेवायला हाक मारणार नाही, अशी जागा लेखकाला हवी असते म्हणून.

आज ती जागा राहिलेली नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन, जिन्यात कॅमेरा, शाळेला व्हॅन, आणि खिशात फोन. मग नवे लेखक काय करतात? फोनची बॅटरी संपवतात. नाहीतर रेंज घालवतात. स्पर्धेसाठी आलेल्या कथा वाचताना मला आता अंदाज येतो, की पोरं टेकडी चढायला लागली म्हणजे पुढच्या पानावर रेंज गेलीच. एखाद्या कथेत चालेलही. पण मुलं हुशार असतात, लेखकाने सोयीसाठी बॅटरी उतरवली हे त्यांना लगेच कळतं.

माझं म्हणणं असं, की फोन चालू ठेवा. चांगली ऐंशी टक्के बॅटरी असू द्या. आणि मुलाकडे फोन न करण्याचं कारण द्या.

उदाहरण घेऊ. कराडची सातवीतली मुलगी, नाव समजा रेवा. ट्यूशनला जाते असं सांगून तिनं मैत्रिणीची नवी सायकल न विचारताच नेली, थेट प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर. घाटावरून परत येऊन बघते तर सायकल जागेवर नाही. फोन हातात आहे, आईचा नंबर पाठ आहे. पण फोन केला तर पहिला प्रश्न येणार, ‘तू तिथं काय करतेयस?’ झालं! कुठल्याही डोंगरावर न जाता रेवा एकटी पडली. पुढं ती जे करेल ते तिचं तिलाच करावं लागणार. भेळवाल्याला विचारेल, मैत्रिणीचा फोन आला तर उचलणार नाही, एक खोटं झाकायला दुसरं बोलेल. प्रत्येक पावलाला ती आणखी अडकत गेली पाहिजे, आणि ते पाऊल तिनं स्वतः उचललेलं असलं पाहिजे. योगायोगानं ती अडचणीत सापडली तर मुलं खपवून घेतात. योगायोगानं सुटली तर फसवल्यासारखं वाटतं त्यांना.

आता हे सांगणार कोण, आणि कुठं उभं राहून? साने गुरुजींचा श्याम मोठा झालेला आहे, आश्रमातल्या मित्रांना रात्री लहानपण सांगतो आहे. त्यामुळे प्रसंगाचा अर्थही तोच सांगू शकतो. त्या रचनेत ते शोभतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन त्याच वयात उभा राहून बोलतो. त्याला स्वतःचंच नीट कळत नसतं आणि आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या कथा मोठ्यांसाठी आहेत, हे विसरू नका. मुलाबद्दलची कथा आणि मुलासाठीची कथा यांत इथं फरक पडतो. लंपनला जे कळत नाही ते कळण्यात मोठ्या वाचकाचा आनंद आहे. बारा वर्षांच्या वाचकाला मात्र रेवापेक्षा फार पुढं धावायचं नसतं, तिच्याबरोबर चालायचं असतं. म्हणून कॅमेरा, म्हणजे नजर, रेवाच्या खांद्यापाशी ठेवा. ‘बिचारीला काय ठाऊक’ असलं वाक्य आलं की समजा, तुम्ही वरून बघताय.

भाषेबद्दल थोडक्यात. नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी लिहिताना जोडाक्षरं जपून वापरावी लागतात. सातवीच्या मुलाला ही काळजी म्हणजे लाड वाटतील. रेवा कराडची आहे, तर ती ‘मी जात आहे’ म्हणणार नाही, ‘मी चाललेय’ म्हणेल. पण प्रत्येक ओळीत ‘लय भारी’ पेरू नका. असले शब्द लवकर शिळे होतात, आणि पन्नाशीचा माणूस ते वापरतोय हे ऐकू येतंच.

उपदेशाचं काय, असं मघाशी कुणीतरी विचारलं. आपल्याकडे मुलांची मासिकं निघाली तीच मुळी शिकवण्याच्या ओढीनं. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ 1881 चं, वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ 1906 चं. ती ओढ अजून सुटलेली नाही, आणि मला त्याचं एक व्यवहारी कारण दिसतं. पुस्तक वाचतं मूल, पण विकत घेतात पालक. शेवटच्या परिच्छेदातला बोध बहुतेक वेळा त्या विकत घेणाऱ्यासाठी असतो. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. घरातलेच साधे प्रसंग, पण मोठी माणसं बोध पाजायला बसत नाहीत. चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दांनी कुठं गप्प बसायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. आणि हो, बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पाच-सहा दशकांत मुलांशी बोलण्याचा सूर कसा बदलत गेला ते तिथं दिसतं. लिहायच्या आधी ते वाचा.

परत रेवाकडे. सायकल सापडावी की नाही? माझं मत, ते दुय्यम आहे. वाचक वाट बघत असतो ती रेवा मैत्रिणीला सांगते का, आणि सांगितल्यावर मैत्रीण काय करते याची. मैत्रिणीनं लगेच गळ्यात पडून माफ करू नये, निदान त्याच संध्याकाळी तरी नको. बारा वर्षांच्या मुली आठवडाभर सहज अबोला धरतात.

आता चहा घ्या. आल्यावर प्रत्येकानं तो एकच प्रसंग लिहायचा: रेवा मैत्रिणीच्या दारात उभी आहे आणि दार उघडते मैत्रिणीची आई. काकूंना घालवायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा. फक्त त्यांना फोन आला, असं लिहू नका.