सिसिंगहर्स्ट, गुलाबांच्या आधी

(दृश्य: विटांचा उंच मनोरा, सकाळचं कोवळं ऊन)

इंग्लंडच्या केंट परगण्यातली सिसिंगहर्स्टची बाग पाहायला बहुतेक लोक जूनमध्ये येतात. गुलाब तेव्हा भरात असतात. पण ही बाग रचली कशी, हे कळायचं असेल तर एप्रिल गाठावा. झाडांना पुरती पानं फुटलेली नसतात, त्यामुळे बागेची प्रत्येक रेघ स्पष्ट दिसते.

लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि राजनैतिक अधिकारी हॅरल्ड निकल्सन या दांपत्यानं १९३० साली ही जागा घेतली, तेव्हा इथे एका एलिझाबेथकालीन वाड्याचे उरलेसुरले तुकडे उभे होते. अठराव्या शतकात सप्तवार्षिक युद्धातले फ्रेंच कैदी इथे डांबले होते. ते या वाड्याला 'शातो' (फ्रेंचमध्ये किल्ला किंवा गढी) म्हणत, म्हणून 'कॅसल' हे नाव चिकटलं. पुढे १८०० च्या सुमारास वाड्याचा बराचसा भाग पाडला गेला. मनोरा, पुढची लांबट इमारत, दोन सुटी घरं आणि काही भिंती एवढंच मागे राहिलं.

या तुटकपणातूनच बागेचा आराखडा निघाला. झोपायच्या खोल्या एका घरात, स्वयंपाक आणि जेवण दुसऱ्या घरात, व्हिटांची लिहायची खोली मनोऱ्यात. पाऊस असो वा थंडी, बाग ओलांडल्याशिवाय दिवस पार पडायचा नाही. बागेचेही मग खोल्यांसारखे भाग पडले. मधल्या भिंती काही जुन्या विटांच्या, काही यू या सदाहरित झाडाच्या दाट कुंपणाच्या. आखणी हॅरल्ड यांची, लागवड मुख्यतः व्हिटांची.

(दृश्य: मनोऱ्यावरून खाली बाग)

म्हणून आल्याबरोबर आधी मनोरा चढा. पायऱ्या ७८ आहेत, जिना अरुंद आणि गोल फिरणारा. वरून पाहिलं की लक्षात येतं, इथल्या जुन्या भिंती एकमेकींना काटकोनात नाहीत आणि चौकही वाकडा आहे. हॅरल्ड यांनी रस्ते आणि कुंपणं अशी बसवली की जमिनीवर चालताना हा तिरकेपणा जाणवत नाही. सकाळी वर जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे ट्युलिप. गारठ्यात ती मिटलेली असतात, हवा तापली की उमलतात. अकराच्या आधी खाली घाई करून फारसं काही हाती लागत नाही.

मग लाइम वॉक. लाइम म्हणजे इथे लिंबू नव्हे, लिंडन या नावानंही ओळखलं जाणारं झाड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एका रांगेत लावलेली झाडं, त्यांच्या फांद्या आडव्या ताणून एकमेकींत गुंफलेल्या, जणू खांबांवर उचलून धरलेलं कुंपण. सुरुवातीला लावलेली साधी लाइमची झाडं बुंध्याशी सारखे धुमारे काढत आणि ते छाटत बसावं लागे. म्हणून १९७० च्या दशकात मोठ्या पानांच्या जातीची नवी झाडं लावली. खालच्या लांब वाफ्यांत कंदफुलांचे ताटवे असतात. आधी नीलवर्णी सिला आणि अ‍ॅनिमोनी, मग नार्सिसस, मग ट्युलिप आणि चौकटीच्या ठिपक्यांची फ्रिटिलरी. मेच्या मध्यापर्यंत सगळं ओसरतं. इथली लागवड हॅरल्ड यांनी स्वतः केली आणि तिच्या बारीक नोंदी ठेवल्या. याच तुकड्याला ते आपलं आयुष्यभराचं काम म्हणत.

(दृश्य: हेझलच्या झाडांची राई)

शेजारी हेझलची, म्हणजे हेझलनट देणाऱ्या झुडपी झाडांची राई आहे. तिच्या पायथ्याशी पूर्वी पॉलिअँथस या प्रिमरोजच्या जातीतल्या बुटक्या फुलझाडांचा रंगीबेरंगी गालिचा असे. पण त्याच मातीत तीच जात वर्षानुवर्षं लावल्यानं जमिनीत रोग साठत गेला आणि रोपं मरू लागली. पामेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्झबर्ग १९५९ पासून इथल्या मुख्य माळी होत्या. त्यांनी अखेर पॉलिअँथसचा नाद सोडला आणि नेचे, एपिमेडियम, ट्रिलियम अशी सावलीतली मिश्र लागवड केली. आजचा हा शांत हिरवा गालिचा त्या निर्णयाचा आहे आणि आमच्या मते जुन्यापेक्षा सरस आहे.

गुलाबांच्या बागेत या दिवसांत गुलाब फुललेले नसतात. तरी थांबा. हेझलच्या लवचीक काठ्या दोन्ही टोकांनी जमिनीत खोचून कमानी केलेल्या दिसतील आणि गुलाबाच्या लांब फांद्या वाकवून त्यांना बांधलेल्या. सरळ वर गेलेली फांदी बहुतेक शेंड्यालाच फुलते. आडवी वाकवली की शेंड्याचा जोर कमी होतो आणि तिच्या सबंध लांबीवरचे डोळे फुटतात. जूनमधला भरगच्च बहर हिवाळ्यातल्या या बांधणीचा असतो, पण जूनमध्ये पानांआड ही बांधणी दिसत नाही.

(दृश्य: स्टेपलहर्स्ट स्थानक, मग चिखलाची पायवाट)

लंडनहून स्टेपलहर्स्टपर्यंत रेल्वेनं साधारण तासभर लागतो. तिथून बाग सुमारे ९ किलोमीटर. बस कमी आहेत, परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. १९६७ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, ट्रस्टच्या सभासदांना प्रवेश मोफत. जमीन चिकणमातीची, त्यामुळे पावसानंतर पायवाटा निसरड्या होतात. पकड असलेले बूट हवेतच.

एप्रिलच्या उत्तरार्धात आलात तर भोवतालच्या रानात ब्लूबेल ही निळी रानफुलं फुललेली असतील. फोटोसाठी वाट सोडून त्यांच्यात उतरू नका. फूल चिरडलं तर एका वर्षाचं बी जातं, पण पान चिरडलं तर कंदाचं पुढच्या वर्षाचं अन्नच तयार होत नाही. बियांपासून नवं रोप फुलावर यायला पाच ते सात वर्षं लागतात.