वाळूजच्या वेल्डिंग सेलमध्ये

(दृश्य: पिवळ्या जाळीच्या आत रोबोटचा हात. बाहेर फिक्श्चरवर, म्हणजे तुकडे धरून ठेवणाऱ्या साच्यावर, जॉब, म्हणजे जोडायचे तुकडे, लावणारा तरुण.)

छत्रपती संभाजीनगरहून नगर रोडला लागलं की छोट्या पंढरपूरपाशी वाळूज एमआयडीसी सुरू होते. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि मागोमाग दुचाकीचे सुटे भाग बनवणारे व्हेंडर आले. साइड स्टँड, फूटरेस्ट, चेसिसचे ब्रॅकेट अशा बहुतेक भागांना वेल्डिंग लागतं. कन्नड, वैजापूर, गंगापूर, पैठणकडच्या पोरांनी आयटीआय करून किंवा हेल्परी करता करता हेच काम हातात घेतलं आणि हेल्परपेक्षा चार पैसे जास्त कमावले. रोबोट आल्यावर हा वरचा पैसा आता कुठे जातोय, ते पाहायचं तर एकाच सेलजवळ, म्हणजे जाळीत बसवलेल्या वेल्डिंग रोबोटजवळ, थांबावं लागेल.

समजा, एक ब्रॅकेट आहे. तीन तुकडे, सहा टाके, म्हणजे वेल्डिंगचे सहा जोड. हाताने 75 सेकंद लागतात. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या काढल्या की 430 मिनिटं उरतात. कागदावर 344 नग निघतात, पण माणूस थकतो, वितळून जोड भरणारी वायर अडकते; तीनशे पकडा. रोबोट हेच काम 40 सेकंदांत करतो. सेल 85 टक्के वेळ चालला तरी 548 नग. म्हणजे दोन वेल्डरचं काम जवळपास एका सेलवर येतं. तीन शिफ्टला सहा वेल्डर लागायचे, तिथे आता तीन लोडर, म्हणजे जॉब लावणारे, आणि चार-पाच सेल मिळून एक टेक्निशियन.

(दृश्य: टर्नटेबल फिरतं. हात तुकडे उचलतात, क्लॅम्प बसतो.)

सेलला दोन बाजू असतात. आत एका बाजूला वेल्डिंग चालू असतं, तोवर बाहेरच्या बाजूचा तयार जॉब काढून नवे तीन तुकडे बसवायचे, क्लॅम्प लावायचा, बटण दाबायचं. 548 जॉब म्हणजे 1,644 तुकडे. वेग माणसाने ठरवायचा नाही. टेबल फिरलं की हात तयार हवेत.

एक गोष्ट मान्य करायला हवी. आर्क, म्हणजे वेल्डिंगची झगझगीत ठिणगी, जाळीच्या आत गेला, धूर वरच्या हूडमधून बाहेर गेला. रात्री डोळे चुरचुरतात म्हणून बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपणं लोडरच्या वाट्याला येत नाही. हा फायदा खरा आहे.

आता बिघाड. वेल्डरला दोन तुकड्यांमधली फट दिसते, तो हात मंद करतो, वायर सोडणारी वेल्डिंगची टॉर्च किंचित डोलवून फट भरून काढतो. साधा रोबोट शिकवलेल्या रेषेवरच चालतो. वायर 1.2 मिलिमीटरची असेल तर जोड साधारण 0.6 मिलिमीटरपर्यंत सरकलेला चालतो. त्यापुढे टाका जोडाबाहेर पडतो किंवा पातळ पत्र्याला भोक पडतं. फट बहुतेकदा मागच्या, पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या प्रेस शॉपमधून येते: डाय, म्हणजे प्रेसचा साचा, झिजलेली, कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, बेंड पुरता न बसलेला. व्हेंडर रोबोट घेतो, डाय मात्र जुनीच चालवतो. मग रिजेक्शन वाढतं, आणि रिवर्कच्या, म्हणजे बिघडलेले नग दुरुस्त करायच्या, टेबलावर पुन्हा एक वेल्डर बसवावा लागतो!

छोट्या कारणांनीही सेल थांबतो. जॉब जागेवर बसवणाऱ्या लोकेटिंग पिनवर स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडालेले थेंब, साचला की जॉब उचलून बसतो. टॉर्चच्या टोकाला वायर बाहेर सोडणाऱ्या काँटॅक्ट टिपचं भोक झिजून लांबट झालं की वायर भरकटते, म्हणून टिप बिघडण्याची वाट न पाहता ठराविक नगांनंतर बदलायची असते. पावसाळ्यात एअर लाइनमध्ये पाणी येतं, क्लॅम्प पुरता बंद होत नाही, सेन्सरचा सिग्नल मिळत नाही आणि रोबोट नुसता उभा राहतो. हे पाणी सोडायचा ड्रेन रोज उघडला तर हे टळतं. तेवढंही होत नाही.

स्पॅटर काढणं, टिप बदलणं, टाका कुठे सरकला ते नजरेने ओळखणं ही वेल्डरची विद्या आहे. टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोटला हालचाल शिकवायच्या हातातल्या कंट्रोलरवर, तो पॉइंट दुरुस्त करायला शिकला तर उत्तम प्रोग्रामर होतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी प्रशिक्षणाची सोय शहरातच आहे. पण पेंडंट डिप्लोमावाल्याच्या हाती जातो, आणि जॉब लावणाऱ्याचं नाव किमान वेतनाच्या तक्त्यात कुशलच्या खालच्या रकान्यात पडतं. बऱ्याचदा तो कामगारही नसतो, अप्रेंटिस असतो. 1961 च्या कायद्यानुसार अप्रेंटिस हा शिकाऊ. त्याला पगार नाही, विद्यावेतन, आणि पीएफही नाही. शिकाऊने सेलवर फक्त तुकडे लावायचे असतील तर तो शिकतो काय?

आणि जिथे यंत्राने माणसाचा हात आधी बाहेर काढायला हवा, त्या पॉवर प्रेसवर अजून हातानेच ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, आत सरकवतात. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी एक पट्टीने दाबून ठेवायचं, की नग वाढतात. बोटं तिथेच जातात.

(दृश्य: गेटवर शिफ्ट सुटते.)

परमनंट वेल्डरला सहसा काढत नाहीत; दुसऱ्या खात्यात हलवतात, पगार टिकतो, हातातलं काम जातं. यंत्रातल्या सुधारणेमुळे कामगारकपात होणार असेल तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपातीला सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई, शिवाय पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यावर.

कॉन्ट्रॅक्टवरच्या वेल्डरपर्यंत यातलं फारसं पोचत नाही. ठेकेदार सलग वर्षाची सेवा धरायला लागणारे 240 दिवस भरण्याआधी ब्रेक देतो, नाहीतर नव्या ठेकेदाराच्या नावावर चढवतो. रोबोट बसला की ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच. कागदावर कपात झालेलीच नसते.

म्हणून कागद जपा. वेतनचिठ्ठी, गेटपास, ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच राहतो, पण पासबुकात प्रत्येक ठेकेदाराची नोंद वेगळी दिसते. तारखा जुळवल्या की त्याच गेटवरची सलग वर्षं मांडता येतात. कामगार उपायुक्त कार्यालयात प्रकरण न्यायचं झालं तर सुरुवात याच कागदांपासून होते.