भोक पाडलेलं आणि भोक राहिलेलं

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख 'प्रवाळांचे अभ्यासक' अशी करून दिली. आपल्याकडे प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं. मागच्या रांगेतल्या एका काकांनी लगेच तळहात उघडलेला मला दिसला. काका, मिटा. (हशा)

आपल्या पायाखाली लाव्ह्याचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. उन्हाळ्यात विहिरीचं काम निघालं की कुणीतरी भोकाभोकांचा दगड घेऊन दारात उभं राहतं. "सर, यात किडा होता का?" नाही हो, वायूचे बुडबुडे होते.

किडा असलेला दगड मी एकदाच हाताळला, तोही परदेशातून आलेला. मी नोकरीला लागलो त्या कॉलेजात फॅव्होसाइट्स या दगड झालेल्या प्राचीन प्रवाळाचा एक नमुना होता. नारळाएवढा, मधाच्या पोळ्यासारखा. आणि तो ठेवला कुठं होता? दाराला अडसर म्हणून! वारा आला की दार आपटायचं, म्हणून. मी कपाटात ठेवायचो, शिपाईमामा परत दाराशी. असं दोन वर्षं चाललं. मग तपासणी समिती येणार म्हणून भिंतींना चुना दिला आणि उत्साहाच्या भरात दगडालाही दिला. मी चिडलो, बोलू नये ते बोललो. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसत बसलो, तर चुना पुसला जाईना अशा जागा दिसल्या. दगडाच्या पोळ्यातल्या दोन-तीन घरांच्या भिंती मिळतात त्या कोपऱ्यांत मोहरीहून बारीक गोल भोकं, पांढरी भरलेली. चुन्यानंच ती दाखवली! आता चुना देणाऱ्याला शिव्या द्याव्यात की चहा पाजावा?

असो. चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतात. मूळ विषय राहिलाच: ही बारीक भोकं आली कुठून?

बांधावरच्या कडुनिंबाला तार गुंडाळली, तर काही वर्षांनी ती खोडात बुडते. तारेनं झाड पोखरलं का? झाडच तिच्याभोवती वाढलं. या प्रवाळांचं तसंच. सायलुरियन आणि डेव्होनियन काळात, म्हणजे ढोबळपणे ४४ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, मऊ अंगाचा बहुधा कृमीसारखा जीव प्रवाळाच्या वसाहतीत राहायचा आणि प्रवाळ त्याच्याभोवती वाढायचा. पोखरलेलं भोक भिंत सरळ कापतं. इथं भिंती वाकून बाजूनं जातात. जीव कुजला, जागा उरली. सरळ नळीला 'कीटोसाल्पिंक्स' म्हणतात, मळसूत्रासारखीला 'हेलिकोसाल्पिंक्स'. नावं पोकळीची आहेत, प्राण्याची नाहीत. प्राणी कुणी पाहिलेला नाही.

मग हा भाडेकरू की बांडगूळ? पोलंडचे मिकोवाय झापाल्स्की यांनी २००७ मध्ये मांडलं की बांडगूळ. नळीला स्वतःचं अस्तर नाही, म्हणजे तो थेट प्रवाळाच्या मांसाला भिडलेला. शिवाय आजूबाजूची रचना बिघडलेली. दुसरा पक्ष म्हणतो, वसाहती तर मजेत वाढत राहिल्या, मग नुकसान कसलं? माझं मत पहिल्याकडे. पण आंब्यावर बांडगूळ असूनही आंबा वर्षानुवर्षं मोहोरतो, हे आपण रोज पाहतो. वाढ दिसली म्हणून त्रास नव्हता, हे मला पटत नाही.

हो हो, थांबतो. तो दगड पुढं इमारत पाडली तेव्हा गेला. भरावात पडला असेल, नाहीतर कुणाच्या तरी अंगणात असेल. चुना अजून भोकांत असेल. दिसला, तर सांगा.