सिगारची पेटी आणि तिची तहान

प्रास्ताविकात माझी ओळख ‘सिगारचे जाणकार’ अशी करून दिली गेली, ती आधी दुरुस्त करतो. मी सिगार ओढत नाही, आणि तंबाखूबद्दल डॉक्टर जे सांगतात ते तुम्ही जरूर ऐका. मी लाकडाचा माणूस. सिगारशी माझा संबंध एवढाच, की लाकडाची इतकी कडक परीक्षा घेणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. हवा जरा दमट झाली की हिला बुरशी, जरा कोरडी झाली की वरचं पान तडकलंच.

सिगारच्या पेटीसाठी कोणतं लाकूड निवडावं, हा आजचा जाहीर विषय. त्याकडे येतोच. त्याआधी एका पेटीबद्दल बोलू द्या, कारण तिचा राग अजून गेलेला नाही.

एका स्नेह्यांना ती निवृत्तीच्या वेळी भेट मिळाली होती. वरून अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा, त्यावर तोंड दिसेल असं पॉलिश, पितळी बिजागऱ्या आणि झाकणात हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा काटा. आतल्या सिगार मात्र बोटांत धरल्या की करकरायच्या. ‘काटा सत्तरवर असतो हो, तरी सुकतातच,’ ही त्यांची तक्रार. मी तो हायग्रोमीटर काढला आणि ओलसर मिठाच्या वाटीबरोबर घट्ट पिशवीत ठेवला. ओलावलेलं मीठ बंद जागेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. आमचे काटेसाहेब पंचाऐंशीच्या पुढे! म्हणजे ते सत्तर दाखवायचे, तेव्हा आत साठच्या आसपासच असणार.

मग पटाशीने अस्तराचा एक कोपरा उचलला. वर कागदासारखं व्हिनियर, खाली एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आणि या सगळ्यावर चक्क वॉर्निश. आतल्या बाजूने! बनवणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, पुसायला सोपं पडतं. मग स्टीलचा डबाच का नाही दिलास, बाबा?

हसू नका, त्यात तथ्य आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत आर्द्रता राखणारी पुडी, एवढ्यावरही सिगार छान राहतात. मग लाकूड हवंच कशाला? लोक म्हणतात, वासासाठी. माझं म्हणणं, वास दुय्यम. लाकूड हवं ते पाण्यासाठी.

हिशेब बघा. भट्टीत वाळवलेल्या लाकडात साधारण ८ टक्के पाणी असतं. ७० टक्के आर्द्रतेत तेच लाकूड १३ टक्क्यांपर्यंत जातं. पेटीत तीन किलो लाकूड असेल, तर ते जवळजवळ दीडशे ग्रॅम पाणी पिऊन बसतं. झाकण उघडलं, बाहेरची कोरडी हवा आत शिरली, की यातलंच थोडं परत देतं. आतल्या हवेत जेमतेम चिमूटभर पाणी मावतं. खरा साठा भिंतींत असतो. म्हणून आतलं लाकूड भरीव हवं, चांगलं पाच-सहा मिलिमीटर जाड, आणि उघडं. वॉर्निश मारलं की हा साठा कुलूपबंद.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बरं, जाहीर विषय उरकतो.

पहिली पसंती स्पॅनिश सीडर, शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. झाड अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, कूळ महोगनीचं. आपला कडुनिंब आणि तून यांचे हे भाऊबंद. हलकं, सच्छिद्र, पाणी पिऊनही फारसं वाकत नाही. वास मंद, तंबाखूशी जमणारा. दोन तोटे. नीट वाळवलेलं नसेल, तर राळेचे चिकट थेंब सुटतात आणि थेट सिगारवर लागतात. शिवाय, २०२० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टाचं नियंत्रण आहे, तेव्हा कागदपत्रं विचारूनच घ्या. याच्या वासाने तंबाखूतली कीड मरते, या समजुतीवर विसंबू नका. त्यासाठी पेटी थंड ठेवा, १८ ते २१ अंश सेल्सिअस.

महोगनीला वास कमी, राळही कमी. मला ती आवडते. नुसतं ‘सीडर’ म्हणून विकतात ते बहुधा लाल सीडर, म्हणजे खरं तर ज्युनिपर. ते कपड्यांच्या पेटीत ठीक. इथे त्याचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो. देवदार, पाइन, कापूर यांचंही तेच. सागाला बाहेरून कितीही मिरवा, आतून नको; तेलकट असतो.

शेवटचं, उभ्या उभ्या सांगतो. नवी पेटी ओल्या फडक्याने पुसू नका, लाकडाचे तंतू उठतात आणि फळ्या वाकतात. आत ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी ठेवा, झाकण लावा आणि दोन आठवडे विसरून जा. लाकडाची तहान भागली की मगच सिगार आत, नाहीतर ते सिगारमधलंच पाणी ओढून घेईल. हो, आणि हायग्रोमीटर आधी मिठाला दाखवा.