'तो तर आपलाच माणूस!' संस्थेत येणारी मुलं सुरक्षित कशी राहतील?

नमस्कार. खेळाचा क्लब, नाट्यगट, वाचनालय, प्रार्थनेची जागा, सुट्टीतलं शिबिर... जिथे मोठी माणसं हौसेनं वेळ देतात आणि आईवडील विश्वासानं मूल सोडून जातात, अशा कुठल्याही संस्थेत तुम्ही काम करत असाल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

आधी माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका गटात मुलांचं नाटक बसवायचे. एकदा तालीम संपली, सगळे गेले, आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मागे रेंगाळली. सँडलचा पट्टा लावायची, काढायची, परत लावायची. मी म्हटलं, "काय गं, घरी नाही जायचं?" मान वर न करता म्हणाली, "मला दादाच्या गाडीवरून नाही जायचं."

दादा म्हणजे आमच्या गटातलाच एक कार्यकर्ता. आणि मी म्हणाले, "अगं, दादा किती चांगला आहे!"

ती गप्प झाली. पट्टा लावला आणि गेली. त्याच गाडीवरून.

पुढचं मी सांगणार नाही, ते तिचं आहे. पण ते वाक्य मला आजही खुपतं. इथे तुझ्या बोलण्यापेक्षा दादाच्या नावाला जास्त वजन आहे, हेच मी तिला सांगून टाकलं होतं.

मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो ओळखीचा असतो, विश्वासातला असतो. मुलाच्या जवळ जाण्याआधी तो आपला, म्हणजे मोठ्यांचा विश्वास कमावतो. सगळ्यांच्या आधी येतो, कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही. मग एखाद्याच मुलाचे जास्त लाड, छोट्या भेटी, रात्रीचे मेसेज, "हे आपल्या दोघांतच हं." मध्येच एखादा साधा नियम मोडून बघतो, कुणी हटकतंय का. कुणी हटकलं नाही, की पुढची पायरी.

अडचण अशी की मन लावून काम करणारा प्रामाणिक कार्यकर्ताही लवकर येतो, कामाला नाही म्हणत नाही. चेहरा बघून फरक कळत नाही, मलाही कळला नव्हता. म्हणून नियम माणूस बघून लावायचे नसतात. मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड थांबायचं नाही. एकट्याशी बोलायची वेळ आलीच, तर दार उघडं ठेवून. मुलांना खासगी मेसेज नाहीत, जे काही कळवायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. एकट्या मुलाला गाडीवरून सोडणं नाही. आणि हे सगळं संस्थेच्या संस्थापकालाही लागू. बहुतेक संस्थांचं घोडं इथेच अडतं, कारण ज्यानं संस्था उभी केली त्याला हटकायचं कुणी?

नवीन माणूस घेताना पोलीस पडताळणी जरूर करा, पण तिच्यात सापडतो तो आधी पकडला गेलेलाच. माझा जास्त भरवसा फोनवर आहे. आधीच्या संस्थेत फोन लावा आणि थेट विचारा, "या माणसाला तुम्ही पुन्हा मुलांमध्ये कामाला घ्याल का?" उत्तराआधी समोरचा किती वेळ थांबला, तेही ऐका.

आता मूल बोलतं तेव्हाचं. ऑस्ट्रेलियात 2013 ते 2017 या काळात एका रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं, संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आठ हजारांहून अधिक लोकांचं म्हणणं खासगी बैठकींत ऐकून घेतलं. आपल्यावर काय झालं, हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला पीडितांना सरासरी 23.9 वर्षं लागली होती. मूल आज तुमच्यासमोर अर्धं वाक्य बोललं, तर त्यानं किती मोठी उडी घेतलीय याचा विचार करा.

अशा वेळी हातातलं काम ठेवा आणि ऐका. "बरं झालं सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही." एवढं पुरे. "त्यानं तुला हात लावला का?" असं उत्तर तोंडात घालणारं विचारू नका, "मग काय झालं?" इतकंच. "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही आणि मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटेल. "तुला मदत करू शकतील अशांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन," असं म्हणा. त्याच दिवशी लिहून ठेवा, मुलाच्या शब्दांत. "पोटात कसंतरी होतं" म्हणालं असेल तर तेच लिहा, तुमचा अर्थ लावू नका.

आणि त्या माणसाला जाऊन जाब विचारू नका. तो सावध होतो, पुरावे जातात, मुलावर दबाव येतो. कार्यकारिणीनं आपसात बसून निवाडा करणं हा तर सगळ्यात घातक प्रकार. ते काम पोलिसांचं आणि बालसंरक्षण यंत्रणेचं. अनेक देशांत न कळवणं हाच गुन्हा आहे. चौकशी होईपर्यंत त्या माणसाला मुलांपासून लांब ठेवा. ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे. "संस्थेचं नाव खराब होईल" ही भीती मला समजते. पण नाव वाचवायला गप्प बसलं, की पुढच्या मुलालाही आपणच त्याच्या हवाली करतो.

तक्रार ऐकायला दोन माणसं नेमा, एकमेकांच्या नात्यातली नकोत. तक्रार अध्यक्षांविरुद्धच असेल तर बाहेर कुठे जायचं, तेही भिंतीवर लिहा, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतलं 12 वं कलम सांगतं, की मुलाला स्वतःविषयीच्या गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला हवं. मी त्या दिवशी नेमकं तेच दिलं नव्हतं.

पुढच्या वेळी मुलं जमली की विचारा, "इथे काही खटकलं, तर कुणाला सांगाल?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली, तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.