मोजायला बसलेलं प्रेम

[दृश्य: लंडन, विम्पोल स्ट्रीट. जुन्या घरांची रांग.]

जानेवारी १८४५. विम्पोल स्ट्रीटवरच्या ५० नंबरच्या घरात एलिझाबेथ बॅरेट राहते. वय ३८. तब्येत नाजूक, त्यामुळे बहुतेक वेळ खोलीतच. कवयित्री म्हणून नाव मात्र इंग्लंडभर. एके दिवशी तिला रॉबर्ट ब्राउनिंगचं पत्र येतं. तोही कवीच, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तुमच्या कविता मला मनापासून आवडतात, अशी पहिल्याच ओळीत कबुली.

मग पत्रांचा पाऊस. दोघांची मिळून ५७४ पत्रं. एलिझाबेथच्या वडिलांना मुलांची लग्नंच मंजूर नव्हती, म्हणून १२ सप्टेंबर १८४६ला दोघांनी गुपचूप लग्न केलं आणि इटली गाठली.

त्या दिवसांत एलिझाबेथ आणखी काही लिहीत होती. ४४ सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता. रॉबर्टलाही ती लग्नानंतरच वाचायला मिळाली. १८५० साली ती छापून आली, तीही 'सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज' या नावाने, जणू कुणा परक्याच्या कवितांचे अनुवाद. त्यातलं त्रेचाळिसावं सुनीत आज शुभेच्छापत्रांवरसुद्धा सापडतं. इतकं सापडतं की ते नीट वाचायचंच राहून जातं.

[दृश्य: पानावरच्या चौदा ओळी. पहिली ओळ ठळक.]

सुरुवात प्रश्नाने: माझं तुझ्यावर प्रेम आहे ते कसं? आणि लगेच उत्तर: थांब, मोजून सांगते.

प्रेम आणि मोजणी! पहिली मापंही थेट भूमितीतली: खोली, रुंदी, उंची. पण ही लांबीरुंदी कशाची, तर आत्मा चाचपडत जिथवर पोहोचेल तिथवरची. अतिशयोक्ती आहेच. ती इथेच संपली असती, तर कविता चारचौघींसारखी झाली असती.

पाचव्या ओळीत ती एकदम खाली उतरते. रोजच्या साध्या, मुक्या गरजेइतकंही माझं प्रेम आहे, म्हणते. उन्हात आणि मेणबत्तीच्या उजेडात. 'दिवसरात्र' असं कुणीही लिहिलं असतं. मेणबत्ती म्हटल्यावर मात्र घर दिसतं. माझ्या मते कवितेचं खरं वजन इथे आहे.

पुढे उपमा, आणि त्याही अनपेक्षित. माणसं न्यायासाठी झटतात तितक्या मोकळेपणाने. स्तुतीकडे पाठ फिरवतात तितक्या निर्मळपणे. गुलाब नाही, चंद्र नाही. बालमजुरांवर 'द क्राय ऑफ द चिल्ड्रन' लिहिणाऱ्या बाईला प्रेमाच्या कवितेतही न्यायाची लढाई आठवते.

[दृश्य: 'आय लव्ह दी' हे शब्द एकेक करून उजळतात.]

'आय लव्ह दी', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. पहिल्या ओळीतला प्रश्न सोडला, तर ही तीन शब्दांची पुनरुक्ती सात वेळा येते. आधी ती ओळीच्या सुरुवातीला शिस्तीत उभी असते. नवव्या ओळीपासून, म्हणजे पहिल्या आठ ओळींचं अष्टक संपून शेवटच्या सहा ओळींचं षट्क सुरू होताच, भूतकाळ आत येतो: जुनी दुःखं, लहानपणीची श्रद्धा, हरवलेले संत. १८४० मध्ये तिचा लाडका भाऊ एडवर्ड समुद्रात बुडाला होता. दुःखात जी तळमळ खर्ची पडली, तीच आता प्रेमाच्या कामी लावते आहे, असं ती म्हणते.

बाराव्या ओळीत शिस्त मोडते. वाक्य ओळीच्या मधेच संपतं आणि 'आय लव्ह दी' अधल्यामधल्या जागी उगवतं. मग श्वास, हसू, अश्रू, नुसते स्वल्पविराम. मोजणारीचाच दम लागलेला. यमकंही पाहा: 'फेथ', 'ब्रेथ', 'डेथ'. श्रद्धा, श्वास आणि मृत्यू एकाच ध्वनीच्या आसपास. 'फेथ' तर पुरतं जुळतही नाही.

एक गंमत लक्षात आली का? ज्याच्यावर प्रेम, त्याचं वर्णन कुठेच नाही. ना डोळे, ना चेहरा, ना नाव. जुना इटालियन कवी पेत्रार्का याच्यापासून सुनीतातला पुरुष बोलायचा आणि बाईचं रूप वर्णिलं जायचं. इथे बाई बोलते, आणि रूपाबद्दल चकार शब्द काढत नाही.

शेवटची ओळ मृत्यूनंतरची, आणि तिच्या आधी एक अट: देवाची मर्जी असेल तर. मग म्हणते, मेल्यावर अधिक चांगलं प्रेम करीन. म्हणजे मोजायला बसलेल्या बाईने एकूण बेरीज दिलीच नाही. आकडा वाढायला मोकळा ठेवला.