आडवा मीपल

नमस्कार. माझ्या हातात ही एक लाकडी सोंगटी आहे. हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या आकाराची, बोटाच्या पेराएवढी. हिला मीपल म्हणतात. कारकासोन हा खेळ २००० साली आला आणि तो खेळता खेळताच 'माय पीपल'चं 'मीपल' झालं. आता या छंदातला कुणीही तिला दुसऱ्या नावानं ओळखत नाही. मी हिच्याशी रोज खेळतो, पण बहुतेक वेळा ती माझ्या हातात नसते, संगणकाच्या पडद्यावर असते. दोन्हीकडे खेळून मला जे समजलं, ते आज सांगणार आहे.

बोर्ड गेम म्हटलं की अजूनही पुष्कळांना सापशिडी आठवते. तिथं दान पडेल तसं चालायचं, आपण ठरवायचं असं काही नाही. ज्यांना आपण आधुनिक बोर्ड गेम म्हणतो, त्यांत दर पाळीला काहीतरी निवडावं लागतं आणि निवडलेल्याची किंमत मोजावी लागते. क्लाउस टॉयबर हे जर्मनीत दंततंत्रज्ञ होते. त्यांचा कटान हा बोर्ड गेम १९९५ साली आला आणि त्याच वर्षी त्याला 'श्पील डेस यारेस' हा तिथला मानाचा पुरस्कार मिळाला. त्यात एक साधी गोष्ट आहे, जी मला अजून थक्क करते. फासे दुसऱ्यानं टाकले तरी पटावरच्या त्या आकड्याशेजारी माझी वस्ती असेल, तर माल मलाही मिळतो. त्यामुळे पाळी कुणाचीही असो, पटावरून कुणाची नजर हटत नाही. हे खेळ मुळात चार माणसं एका टेबलाभोवती बसतील असं धरून रचले गेले आहेत, हे लक्षात असू द्या.

मी कारकासोन शिकलो मात्र पडद्यावर. एकेक टाइल उचलायची आणि आधीच्या टाइलना जोडत जायची. नगराला नगर, रस्त्याला रस्ता, गवताला गवत जुळलं पाहिजे. संगणक टाइल बसेल त्याच जागा उजळून दाखवतो. चुकीच्या जागी ठेवताच येत नाही. वर्षभरात दोनेकशे डाव झाले, रेटिंग चढलं, आणि हा खेळ मला येतो अशी माझी खात्री झाली.

मग पहिल्यांदा खरा डबा समोर आला. आम्ही चौघं होतो आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. नगरं, रस्ते, मठ, सगळं नीट सांगितलं. शेतकरी म्हणून मीपल गवतात आडवा ठेवायचा, तो डाव संपेपर्यंत परत मिळत नाही, शेवटी त्याच्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण नगरामागे ३ गुण मिळतात, हेही सांगितलं. ७२ टाइल संपल्या, टेबल भरून गेलं आणि शेतं मोजायची वेळ आली. मला मोजता येईनात. कुठलं शेत कुठं संपतं, कुठली दोन शेतं खरं तर एकच आहेत, हे ठरवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. दोनशे डावांत ते काम संगणकानं केलं होतं आणि मी फक्त शेवटचा आकडा बघितला होता.

आमच्यातल्या एका मित्रानं हा खेळ पूर्वी पाच-सहा वेळाच खेळला होता, पण टेबलावर. त्यानं गवतावर बोट टेकवलं आणि सावकाश सरकवत नेलं. "हे बघ, हा रस्ता मठाच्या दारात संपलाय. म्हणजे गवत मठाला वळसा घालून पलीकडे जातं. ही दोन शेतं नाहीत, एकच आहे." त्या एका वळशानं माझा शेतकरी आणि त्याचे दोन शेतकरी एकाच शेतात आले. ज्याचे जास्त, त्याला सगळे गुण. मला शून्य. मी जिंकलोय असं धरून चाललो होतो तो डाव त्याचा झाला, आणि योग्य झाला.

त्या संध्याकाळपासून मी खेळाचं ज्ञान दोन प्रकारचं मानतो. पडद्यावर मला डावपेच आले. टेबलावर नियम आले. टेबलावर नियम राखणारं दुसरं कुणी नसतं. चौघांनी तो मनात धरला तर तो आहे, चौघं विसरले तर नाही. पत्ते आपण पिसतो, माल आपण मोजून देतो, चूक झाली तर दोन पाळ्या मागे जाऊन आपणच ती निस्तरतो. पुष्कळांना ही सगळी कटकट वाटते. मला तो खेळाचाच भाग वाटतो, कारण ते करता करता खेळाची घडण हाताला कळते.

पण पडद्याला मी कमी लेखत नाही. वर्षात दोनशे डाव टेबलावर खेळायचे, तर दोनशे वेळा चार माणसांचा मेळ जमवावा लागेल. आणि पडद्यावर भेटलेल्या परक्या खेळाडूंनी मला जे शिकवलं, ते दुसरीकडे मिळालं नसतं. उदाहरणार्थ, कोंडी. प्रत्येकाकडे ८ मीपल, त्यातला एक गुणफलकावर, म्हणजे पटावर फिरवायला ७. कसलेला खेळाडू माझ्या अर्धवट नगराच्या तोंडाशी अशी टाइल ठेवतो की ते बंद करायला लागणारी टाइल डब्यात एकच असते, किंवा सगळ्या येऊन गेलेल्या असतात. नगर बंदच होत नाही, म्हणून माझा मीपल आत अडकतो तो अडकतोच. असे दोन-तीन अडकले की माझं मनुष्यबळच संपतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा चांगली टाइल हातात असून तिच्यावर ठेवायला माझ्याकडे माणूस नव्हता.

फाशांबद्दल थोडं सांगतो. दोन फाशांची ३६ दानं होतात. त्यांत सात ६ वेळा, सहा आणि आठ प्रत्येकी ५ वेळा, दोन आणि बारा एकेकदाच. कटानमध्ये सात पडलं की चोर नावाची सोंगटी हलते आणि ज्याच्या हातात मालाचे सातपेक्षा जास्त पत्ते, त्याचे निम्मे जातात. पडद्यावर लागोपाठ तीनदा सात पडलं की कुणीतरी हमखास लिहितं, यंत्र रडीचा डाव खेळतंय. टेबलावर तेच घडतं तेव्हा लोक फाशांवर फुंकर मारतात, हात बदलून टाकतात, आणि पुढे जातात. दान आपल्या मुठीतून सुटलेलं असलं की नशीब आपलं वाटतं. देवाणघेवाणीचंही तसंच. पडद्यावर प्रस्ताव येतो, 'एक लाकूड, एक वीट', खाली होय किंवा नाही. टेबलावर त्याच लाकडासाठी समोरचा पुढे झुकतो, पुढची पाळी चोर तुझ्यावर बसवणार नाही असा शब्द देतो, आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून ठरवतो. नियमांत त्या शब्दाला बंधन नाही, पण चार डाव त्या माणसाबरोबर खेळलेल्याला त्याचं वजन माहीत असतं.

एका खेळाबाबत मात्र माझा कौल उलटा आहे. हानाबी या सगळ्यांनी एका बाजूनं खेळायच्या पत्त्यांच्या खेळात स्वतःचे पत्ते स्वतःला दिसत नाहीत. ते बाहेर तोंड करून धरायचे, बाकीच्यांना दिसतील असे. ५० पत्ते, पाच रंग, आणि इशाऱ्यांसाठी ८ टिकल्या. त्यापलीकडे बोलायचं नाही. आता टेबलावर बसलेला माणूस चुकीच्या पत्त्याकडे हात नेतो तेव्हा बाकीचे श्वास रोखतात. कुणी बोलत नाही, पण सगळं सांगून झालेलं असतं, आणि हात परत फिरतो. आम्ही असे २५ पैकी २५ गुण केले तेव्हा मला आनंद झाला नाही, कारण तिघांच्या चेहऱ्यांनी माझे पत्ते मला वाचून दाखवले होते. पडद्यावर चेहरे नाहीत. इशारा मिळाला तर तो बहुधा सर्वांत नव्या पत्त्याबद्दल, असे संकेत खेळाडूंनी आपसांत घडवले आहेत आणि सगळी भिस्त त्यांवरच. तिथं आम्ही २१ केले, त्याचं मोल मला जास्त वाटतं.

दिवसाला एक खेळी असे लांबणारे डावही मी खेळतो. त्यांत आपण काल काय ठरवलं होतं ते आज आठवत नाही, म्हणून मी वहीत एक ओळ लिहून ठेवतो.

आता माझी पद्धत अशी. नवा खेळ आला की आधी नियमपुस्तिका पूर्ण वाचतो, पहिला डाव टेबलावर खेळतो आणि शेवटची मोजणी बोट टेकवून स्वतः करतो. मगच पडद्याकडे जातो. तो वळसा दाखवणारा मित्र आता दूर राहायला गेलाय. त्याच्याबरोबर माझा कारकासोनचा डाव चालूच असतो, दिवसाला एक टाइल. मठाच्या दारात रस्ता संपणाऱ्या टाइल ७२ मध्ये दोनच आहेत. गेल्या आठवड्यात त्यातली एक त्याला मिळाली. ती त्यानं बरोबर माझ्या शेताच्या कडेला ठेवली आणि खाली एवढंच लिहिलं: "बोट टेकव."